धुळाप्पाचा बेलभंडार

“पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस? अरे, तुला मी काय सांगितलं होतं?” म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातले डॉक्टर जाम उखडले होते.

समोरच्या बाकावर धुळाप्पा अंग आवळून बसला होता. नाक वाहत होतं, पोटऱ्या पिळवटत होत्या आणि बसल्याजागी घामानं सदरा भिजला होता.

“दुसऱ्या कशाला मी भीतच न्हाय की सायेब,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. धुळाप्पा म्युनिसिपालिटीच्या आगीच्या बंबावरचा माणूस. पेटलेल्या घरासमोर पाण्याच्या नळीची पितळी तोटी छातीशी धरून उभं राहायचं काम त्याचं. गिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात घरोघर सूत, उन्हाळा लागला की आगींना तोटा नाही. लोक बाहेर पळायचे आणि हा आत शिरायचा. एकदा रुईच्या गोदामात जळता वासा पाठीवर पडला. पाठ टेकेना, झोप येईना, तेव्हा बंबाचा ड्रायव्हर बसप्पा यानं अफूची एक गोळी दिली. बिचाऱ्यानं कळवळ्यानंच दिली. पुढे पाठीचं दुखणं गेलं, पण गोळी काही गेली नाही, उलट मोहरीची हरभऱ्याएवढी झाली.

गेल्या महिन्यात एका आगीत त्याला तोटी धरल्याधरल्या पेंग आली. तोटी सुटली, पाण्याचा लोट शिडीवर चढलेल्या जोडीदाराला, भीमाला लागला आणि भीमाचा पाय मोडला. जमादारानं साफ सांगितलं, “अफू सोड, न्हायतर पट्टा काढून ठेव.”

सोडायची कशी, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, रोज दवाखान्यात ये, माझ्यासमोर गोळी घे, मी ती हळूहळू लहान करत नेईन. धुळाप्पाला पटलं होतं ते. पण घरी बायको मायाक्का आणि तिचा केम गावाहून आलेला भाऊ बिरप्पा, दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

“अफू सोडाया अफूच खायाची? ह्ये कुटलं औशीद, दाजी?” बिरप्पा म्हणाला. “बिरोबाम्होरं बेलभंडार उचला आन् एका घावात तोडून टाका.”

आणि मायाक्का पदर डोळ्याला लावून म्हणाली, “डाक्तराच्या हातची आसली तरी अफूच की ती. माज्या घरात नगं.”

त्या बाईनं फार सोसलं होतं, तिला नाही कोण म्हणणार? धुळाप्पानं हातात बेल आणि भंडाऱ्याची हळद घेतली. दुसरा हात ठेवला गोजाच्या डोक्यावर. एकुलती एक लेक, नवसाची. पुन्हा अफू तोंडात घातली, तर या लेकराचा भोग घे, असं तो देवाला बोलला.

“अजून वेळ गेलेली नाही,” डॉक्टर मऊ होत म्हणाले. “थोडीशी घे, मग उतरवत नेऊ. असं एकदम तोडून तू आडवा होशील.”

“आता तिळायेवढी बी चालायची न्हाय सायेब. पोर जाईल माजी.”

भिंतीचा आधार घेत तो बंबखान्यात परतला. टेकतो न टेकतो तोच घंटा झाली. भवानी पेठेत एका कोष्ट्याच्या घराला आग लागली होती आणि माडीवर बायका-पोरं अडकली होती. धुळाप्पा पट्टा बांधायला गेला, तर बोटं ऐकेनात. भीमा घरी पाय धरून पडलेला. तोटी धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

बसप्पानं ते पाहिलं. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि तळहात पुढे केला.

“घे.”

“बेलभंडार उचललाय मी, बसप्पा. गोजाच्या डोक्यावर.”

“ठावं हाय मला. पर वरती बी कुणाची तरी गोजाच हाय न्हवं?”

धुळाप्पानं त्याला एक घाणेरडी शिवी हासडली, गोळी घेतली आणि गिळली.

बंब पोचून विहिरीतनं पाणी चढेपर्यंत हात स्थिर झाले होते. माडीवरचा जीव न् जीव खाली उतरला. जमादारानं पाठ थोपटली, सुटका झालेल्या म्हातारीनं रस्त्यात लोटांगण घातलं. धुळाप्पा मान खाली घालून घरी आला. लपवलं असतं तर लपलं असतं, पण त्यानं मायाक्काला सगळं सांगून टाकलं.

ती धावत अंगणात गेली आणि खेळत्या पोरीला ताप आहे का ते चाचपू लागली. पुढचे दिवस तिनं तेच केलं. पोर शिंकली तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. शेवटी बिरप्पा पुजाऱ्याकडून उपाय विचारून आला.

“बोल लेकरावर हाय. लेकरूच तुमचं ऱ्हायलं न्हाय, तर बोल कुणाला लागंल?”

बिरप्पाला मूल नव्हतं. धुळाप्पानंच गोजाला उचललं, चार माणसांसमोर बिरप्पाची बायको केराबाई हिच्या ओटीत घातलं आणि म्हणाला, “आजपास्नं ही तुमची. माजी कुणी न्हाय.” पोरीला गंमत वाटली. मायाक्का तिच्याबरोबर केमला गेली, ती तिकडेच राहिली. भावाची लेक म्हणून स्वतःच्याच पोरीची ती आत्या झाली.

आता डॉक्टरांचा रस्ता मोकळा होता. धुळाप्पा रोज दवाखान्यात जायचा, समोर गोळी गिळायचा. पण डॉक्टर ती लहान करायला निघाले, की म्हणायचा, “ऱ्हाऊ द्या की सायेब. हाय तेवढ्यावर तोटी धरता येतीया. आता सोडून कुणाला दावायचं?” डॉक्टरांनी दोन-चारदा समजावलं, मग तेही थकले.

दिवाळीच्या सुमारास रजा काढून तो केमला गेला. बिरप्पाच्या दारात मायाक्का कोकरांना पाला घालत होती. त्याला पाहून ती उठली आणि गोठ्याकडे वळली. आतून गोजा तांब्या घेऊन आली. अंगानं भरली होती, गालावर तुकतुकी होती. तिनं बापाकडे पाहिलं, ओळखलं, आणि एकदम हसली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिनं गोठ्याकडे नजर टाकली. मायाक्का पाठमोरीच उभी होती.

आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं, ते पोरीला नीट पढवलेलं होतं.

“मामा,” ती म्हणाली, “पानी घ्या.”

धुळाप्पानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.