तीन इंची सापळा

सासूबाईंना पाइपची शेपटी आवडली नाही.

"जावईबापू, हा तुकडा कुठे जातो?" स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या नव्याकोऱ्या गॅस हीटरखाली वाकून त्यांनी विचारलं. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली. कुठेच न जाणारी रेषा त्यांना सहन होत नसे.

"कुठेच नाही, आई. तो सापळा आहे," फिटर जावई म्हणाला. "गॅस वरून येतो आणि या टी आकाराच्या जोडापाशी काटकोनात वळून हीटरमध्ये जातो. बरोबर आलेला गंज, माती जड असते, तिला वळणं जमत नाही. ती सरळ खाली या कॅप लावलेल्या तुकड्यात पडते. नियमच आहे. कॉकच्या पुढे, हीटरच्या जवळ, निदान तीन इंच."

"पण लोंबतोय कसा मेला! आडवा करा. दोन्ही हात सारखे पसरलेले बरे दिसतात."

दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने असं म्हटलं असतं, तर फिटरने पान्हे पिशवीत भरून घर गाठलं असतं. पण लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाईंसमोर 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. त्याने गॅस बंद केला आणि टी फिरवली. आता एक हात हीटरकडे, दुसरा कॅप घालून भिंतीकडे, दोन्ही अगदी एका पातळीत.

"आता कसं!" सासूबाई म्हणाल्या. फिटर पाइपकडे न बघताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गॅस कंपनीच्या इन्स्पेक्टरबाई आल्या. फिटरही मान खाली घालून हजर होता. बाईंनी पाइपकडे एकदा बघितलं, फिटरकडे दोनदा बघितलं आणि ऑफिसला फोन लावायला जिन्यात गेल्या. तिथे आवाज नीट जात नव्हता, म्हणून त्या ओरडू लागल्या.

"हॅलो! तिसरा मजला! सापळा! हो, स्वयंपाकघरात! तीन इंची! आडवा पडलाय!"

समोरच्या दारामागे पोपटकाकूंच्या हातातली कपबशी गळून पडली. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा पोपट खिडकीतून उडाला होता, तो परतलाच नव्हता. सापळा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर हाडंच आली, आणि तीही नेमकी तीन इंच.

"माझा राजा गं!" असा हंबरडा फोडत त्या थेट सासूबाईंच्या स्वयंपाकघरात घुसल्या. मागोमाग वरच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला. "मोजून खात्री करू," तो म्हणाला.

"अहो, पोपट कसला? पाइप आहे तो!" इन्स्पेक्टरबाई आत येत म्हणाल्या. मग फिटरकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? तुमच्याकडे कचरा आडवा पडतो का?"

फिटरचे कान लाल झाले. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. 'सासूबाईंनीच सांगितलं' म्हणून मोकळा होईल, असं त्यांना वाटलं होतं. तो मात्र पिशवीतून पान्हा काढू लागला.

त्यांनी घसा खाकरला. "चूक माझी आहे. यांनी बरोबरच बसवलं होतं. मी फिरवायला लावलं."

अकरा वर्षांत सासूबाईंच्या तोंडून 'चूक माझी' ऐकलं नव्हतं. फिटरच्या हातातला पान्हा त्याच्याच पायावर पडला.

"त्या सांगतील, पण तुम्ही का ऐकलंत?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"सासूबाई आहेत," पाय चोळत तो म्हणाला.

बाईंनी मान डोलावली आणि फॉर्ममध्ये 'दोषाचे कारण' यासमोर लिहिलं: घरगुती.

अर्ध्या तासात शेपटी पुन्हा खाली आली. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा आला नाही. पोपटकाकूंनी डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "मग माझ्याकडे का नाही असलं काही?"

सगळे त्यांच्या घरात गेले. त्यांचा जुना हीटर लावताच फट्-फट्-फट् करू लागला. फिटरने तो बंद करून बर्नर उघडला, तर मूठभर काळी भुकटी निघाली.

"नको, साफ नको करूस," काकू अचानक म्हणाल्या. "राजा याचीच नक्कल करायचा. सकाळी हीटर लावला की वाटतं, तोच बोलतोय."

शिंपी टेप गुंडाळू लागला.

"काकू, असं ठेवून चालणार नाही. नियम आहे," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, पण हळू आवाजात.

फिटरने बर्नर साफ केला, सापळा बसवला, या वेळी कुणालाही न विचारता. हीटर पेटला, तो निळ्या ज्योतीने, अगदी बिनआवाज. काकू खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा सासूबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. चष्मा काढला, गाल फुगवले आणि वर्गात प्रमेय सांगावं तशा गंभीरपणे म्हणाल्या, "फट्-फट्-फट्."

काकूंनी कान देऊन ऐकलं. "शेवटचा फट् जरा लांबव," त्या म्हणाल्या.