व्हार्गोनं ओतलेला ग्लास

मिनासला पहिल्यांदा मारलं ते उंटावरून पाडून. दुसऱ्या सिनेमात मोत्यांच्या चोरीपायी समुद्रात बुडवला, आणि तिसऱ्यात तर गडी आत येऊन दार लावतोय तोच गोळी घातली. तिन्ही वेळा आम्ही आमचं ऑयस्टरचं दुकान बंद ठेवून, सिडनीतले ओळखीचे झाडून सगळे ग्रीक गोळा करून थिएटरात गेलो होतो. मिनास पडला की माझा नवरा पेरिक्लिस उभा राहून सगळ्यांना सांगायचा, आमच्याकडे ताटं घासायचा हा! मागचे लोक खाली बसा म्हणायचे. तो कुठला बसतोय.

आणि खरंच घासायचा. ग्रीसमधल्या आमच्या किथिरा बेटावरून बोटीनं आला तेव्हा त्याला इंग्रजीचे दोनच शब्द येत होते. त्यातला एक शिवी आहे हे त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, एका खलाशानं नमस्कार म्हणून शिकवला होता. आमच्या गल्ल्यामागच्या फळीवर रेडिओ असायचा. हा मोरीत साबणाच्या फेसात हात बुडवून उभा, आणि रेडिओ जे बोलेल ते बोलायचा. बातम्या देणारा, घोड्यांच्या शर्यती सांगणारा, रविवारचा पाद्री, साबणाची जाहिरात करणारी बाई, सगळे. अर्थ कळो न कळो. गिऱ्हाइकं ऑयस्टर तसेच टाकून मोरीच्या दाराशी येऊन उभी राहायची. त्यातलंच एक रेडिओवर नाटकं बसवणारं निघालं, आणि आमचा ताटं घासणारा गेला.

आवाज शंभर काढील, पण सुरुवातीला तोंड उघडलं की त्यातून ग्रीक कुठेतरी डोकवायचाच. मग त्याला मिळणार काय? जर्मन हेर, तुर्की अफूवाला, रशियन राजपुत्र तोही भामटा. पुढे पुढे ग्रीक डोकवायचा थांबला, पण तोवर ठसा बसला होता. रेडिओवर कुणाचा गळा दाबायचा असला की बोलवा त्याला. नावसुद्धा बदललं त्यांनी. मिनास फात्सेअसचा झाला मायकल फॉस. मी म्हटलं, अरे, बापानं ठेवलेलं नाव काय वाईट होतं? तर म्हणे, काकू, छापायला शाई जास्त लागते. हसून म्हणाला. सगळंच हसून म्हणायचा मेला, म्हणून तर मला इतकी वर्षं काही कळलं नाही.

माझा थोरला भाऊ थोडोरिस, त्याचं यारंगात कॅफे आहे. सिडनीहून गाडीनं दिवसभर जावं तेव्हा यारंगा येतं, आणि आलं तरी पटकन कळत नाही, एवढंसं गाव. त्याची मुलगी दियामांता शिवणकाम शिकायला माझ्याकडे राहायला आली. शिवणकाम किती शिकली देव जाणे, पण नकला अशा करायची की पोट दुखेपर्यंत हसावं. बापाची नक्कल तर हुबेहूब. दादाची एक रीत आहे. काही विचारलं की आधी घसा खाकरतो, मग थांबतो, मग "हं" म्हणतो, आणि मग नाही म्हणतो. ती नक्कल सुरू झाली की मिनास हातातला काटा खाली ठेवून ऐकत बसायचा. मला वाटलं, पोरीकडे बघतोय. तेही होतंच म्हणा.

शेवटी दोघं एक दिवस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्यात मुलीच्या बापाकडे नवरामुलगा स्वतः शब्द टाकत नाही, मध्ये घरचं वडीलधारं माणूस लागतं. ते लचांड माझ्या गळ्यात. मी यारंगाला फोन लावला. मुलगा आपल्याच बेटाचा, व्यसन नाही, कष्टाळू, असं सगळं गोडगोड बोलले आणि मग नाव सांगितलं. पलीकडून घसा खाकरल्याचं ऐकू आलं. मग शांतता. मग दादा एवढ्या जोरात ओरडला, की फोन जोडून देणारी मुलगी घाबरून मध्येच म्हणाली, सगळं ठीक आहे ना?

त्याचं म्हणणं ऐका. त्या वेळी रेडिओवर 'रेडगम फार्म' नावाची मालिका चालू होती. सायलस नावाचा आंधळा म्हातारा शेतकरी, आणि त्याचं शेत लुबाडायला आलेला परदेशी भामटा व्हार्गो. व्हार्गो म्हणजे आमचा मिनास, हे किथिराच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. दादा ती मालिका देवपूजेसारखी ऐकायचा. सात वाजले की यारंगाच्या कॅफेत मिल्कशेकचं यंत्र बंद, भांड्यांचा आवाज बंद, कुणी अंडी मागितली तर ती साडेसातला. सायलस बोलायला लागला की दादाच्या डोळ्यांना धार. म्हणायचा, अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच माणूस शहाण्यासारखा बोलतो. आणि व्हार्गो? "तसला आवाज काढून निघत नाही, कातिना," तो मला फोनवर म्हणाला. "ते आतच असावं लागतं."

मी किती समजावलं. नाटक आहे, त्याला लिहून देतात, तो वाचतो. नाही म्हणजे नाही. त्याच्या घरी माझी मुलगी सकाळची कॉफी कुठल्या विश्वासानं पिणार, हा त्याचा प्रश्न. दियामांता रडली आणि मग चिडली. बापाचा होकार नसला तरी लग्न करीन म्हणाली. तर मिनासच नको म्हणाला. म्हणे, माझे आईबाप तिकडे बेटावर, त्यांना पुन्हा बघेन की नाही ठाऊक नाही, आता इथे असलेला एक बापही तोडून संसार सुरू करायचा नाही मला. बोलताना तो पहिल्यांदाच हसत नव्हता.

मग त्यानं दुसरी खटपट केली. मालिका लिहिणाऱ्या बाई होत्या, मिस डनलॉप, सतत सिगारेट ओढायच्या आणि कुणाचं ऐकायच्या नाहीत. त्यांच्या दारात हा दोन आठवडे ऑयस्टरची पुडी घेऊन उभा. एवढंच मागणं, की व्हार्गोला माणसात आणा. ऑयस्टरचा परिणाम म्हणा नाहीतर दया म्हणा, बाईंनी लिहिलं. व्हार्गो सायलसच्या दुधात विष घालतो, म्हातारा पेला ओठाला लावतो, आणि ऐन वेळी व्हार्गो तो हातातून उडवतो आणि ढसाढसा रडतो. सिडनीत हा भाग लागला त्या संध्याकाळी आमच्या दुकानात एक खाटीक रडत होता. अनोळखी माणसं मिनासच्या पाठीवर थाप मारून जायची. पेरिक्लिस म्हणाला, आता उशीर नको, गाडीत बसा. मी बरणीभर मोसंबीचा मुरांबा बांधून घेतला, आणि मी, मिनास, दियामांता असे तिघं यारंगाला निघालो.

दादानं दारात माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मुलीला जवळ घेतलं, आणि मिनासकडे पाहून नुसती मान हलवली. मला वाटलं, चला, मान तर हलली. कॅफे त्या दिवशी लवकर बंद केलं होतं. दियामांता रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. आमच्यात बोलणी होईपर्यंत मुलगी बाहेर येत नाही. बापानं हो म्हटलं की मग ती ट्रे घेऊन येते. चमचाचमचा मुरांबा, थंड पाणी, आणि सगळ्यांचं तोंड गोड. एकदा ट्रे बाहेर आला की लग्न ठरलं.

आम्ही जेवायला बसलो. मिनास इतका अदबीनं वागत होता की मलाच कसंतरी वाटायला लागलं. बाटली त्यानं उचलली आणि पहिला ग्लास दादाला ओतला. इतक्यात सात वाजले. दादा उठला आणि रेडिओ लावून परत येऊन बसला. मी मिनासकडे बघून डोळे मिचकावले. व्हार्गोचं रडणं दादानंही ऐकलं असणारच, आता पुढची गोडीगुलाबी चालू असेल, असं आमचं गणित.

रेडिओवर घोड्याच्या टापा वाजल्या, दार करकरलं, आणि व्हार्गोचा तो तेल लावल्यासारखा आवाज आला. "म्हाताऱ्याला गोड दूध आवडतं. आज जरा जास्तच गोड करू या." मग थेंब पडल्याचा आवाज. मग चमचा. चमचा ढवळतोय, ढवळतोय, थांबतच नाही.

अहो, त्या मालिकेच्या तबकड्या असायच्या! सिडनीत वाजून झाल्या की त्याच तबकड्या रेल्वेनं पुढच्या गावी, तिथून त्याच्या पुढच्या गावी. यारंगा सगळ्यांच्या शेवटी. आम्ही रडून, डोळे पुसून, मुरांबा बांधून निघालो, आणि इथे अजून दुधात विष कालवणं चालू! इतकी वर्षं रेडिओच्या धंद्यात घालवलेल्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये? नाही आलं. माझ्याही नाही, तर त्याला काय बोलू.

सायलसनं पेला उचलला आणि भाग संपला. दादानं उठून रेडिओ बंद केला. परत येऊन बसला, मिनासनं ओतलेल्या ग्लासाकडे बघितलं, आणि तो एका बोटानं हळूच टेबलाच्या टोकापर्यंत सरकवला.

"सकाळी गाडी आहे," तो म्हणाला. "समोर हॉटेल आहे. खोली स्वच्छ असते."

मी तोंड उघडलं, पुढे काय होतं ते सांगणार होते, पण मिनासनं हातानं मला थांबवलं. उठला, खुर्ची नीट आत सरकवली, टोपी घेतली आणि दारापर्यंत गेला. आता हे सगळं संपलं, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात मागून सायलसचा आवाज आला. घसा खाकरल्याचा, मग थांबल्याचा, मग "हं."

"बस खाली, थोडोरिस. पोराचं जेवण अर्धं राहिलंय."

दादानं रेडिओकडे पाहिलं. रेडिओ बंद. त्यानं छातीवर क्रूस काढला. मीही काढला, लपवू कशाला. मग आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं.

मिनासनं सगळं सांगितलं. सायलस करायचा तो जुना नट एकदा बोलता बोलता खोकला आणि खोकतच राहिला. तबकडीवर सुई कोरायला लागली की थांबवता येत नाही, चूक झाली की अख्खा भाग पहिल्यापासून. मिनास शेजारीच उभा होता. त्यानं तो खोकला आपल्या खाकरण्यात मिसळला आणि म्हाताऱ्याची वाक्यं स्वतः बोलून टाकली. कुणाला कळलं नाही. नटाला पुढे डॉक्टरांनी घरी बसवलं, आणि ऐकणाऱ्यांचा विरस नको म्हणून मिनासला कुठेही न बोलण्याची तंबी मिळाली. आजवर ती त्यानं पाळली होती, माझ्यापाशीसुद्धा.

"म्हणजे दोघं भांडतात तेव्हा?" दादानं विचारलं.

"डावीकडे तोंड केलं की व्हार्गो. उजवीकडे केलं की सायलस."

"विष तूच घालतोस आणि दूधही तूच पितोस?"

"हो."

मग दादाच्या काहीतरी लक्षात आलं. "ते खाकरणं," तो म्हणाला, "ते कुठून आणलंस?" मिनासनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारामागे काहीतरी पडलं आणि फुटलं. इतका वेळ कान लावून उभी होती कार्टी. तेव्हा माझ्या भावाला उमगलं, की अख्ख्या ऑस्ट्रेलियातला जो एकच शहाणा माणूस होता, तो म्हणजे आपण स्वतःच. चेहरा बघण्यासारखा झाला होता हो त्याचा. मी हसू दाबायला पाव तोंडात कोंबला.

मला वाटलं, आता जमलं. पण माझा भाऊ मोठा खडूस. त्यानं घसा खाकरला. थांबला. "हं," म्हणाला. "सायलस मला आवडतो. पण मुलगी मी सायलसला देत नाहीये. व्हार्गोला तर नाहीच. तुझा आवाज कुठला?"

आणि शंभर आवाज काढणारा तो माणूस गप्प झाला. इतक्या वर्षांत सिनेमावाल्यांनी, रेडिओवाल्यांनी त्याच्याकडे जर्मन मागितला, तुर्क मागितला, म्हातारा मागितला. हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? माझे डोळे भरून आले, तोंडात पाव तसाच.

शेवटी बोलला. बारीकसा, थोडा बसलेला आवाज, आणि बोलणं पक्कं आमच्या बेटावरचं, शेळ्या हाकताना पोरं बोलतात तसं. "मी मिनास फात्सेअस. बेटावरच्या कारावास गावचा. माझे वडील मासे धरतात. मला तुमची मुलगी हवी आहे, आणि मला फार भीती वाटतेय."

"हा बरा आहे की," दादा म्हणाला. "हा का नाही लावत रेडिओवर?"

"कुणी मागितला नाही."

"मग इथे लाव. या घरात हाच चालेल."

असं म्हणून त्यानं टेबलाच्या टोकाला सरकवलेला तो ग्लास जवळ ओढला, एका दमात रिकामा केला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून दियामांताला हाक मारली, ट्रे आण. ती दारातच उभी होती, ट्रे हातात घेऊन.