जाळीवरचे उंदीर

माझ्या भाचीला प्रयोगशाळेत सगळे डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचे, अजून झालेली नसताना. आणि ती मला मामा म्हणते म्हणून तिथले झाडून सगळे मला मामाच म्हणायला लागले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. मी उंदरांची खोली सांभाळतो. सव्वीस वर्षं पिंजरे धुतोय. शिकलेल्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही, पण ही पोर आमची. बहीण गेल्यावर मीच वाढवली. तिच्या नावाआधी ते 'डॉक्टर' एकदा खरोखरचं लागलेलं बघायचं, एवढंच माझं मागणं होतं.

तिचा प्रयोग होता खाण्यातल्या चोथ्याचा. अर्ध्या उंदरांना चोथा असलेलं खाणं, अर्ध्यांना बिनचोथ्याचं. घरी भांडी विसळता विसळता तिनं मला समजावलं होतं.

"आतड्यात जंतू राहतात ना मामा, त्यांना चोथा लागतो. तो मिळाला नाही की ते आतड्याचं अस्तरच खायला लागतात."

"म्हणजे भाडेकरू उपाशी राहिला की घराच्या भिंती खातो म्हण की."

ती खळखळून हसली. तिच्या चार वर्षांच्या मुदतीतला हा शेवटचा प्रयोग होता. त्यात फरक दिसला तर पदवी, नाही तर काही नाही.

बिनचोथ्याच्या सहा पिंजऱ्यांत भुसा घालायचा नाही, तळाला नुसती तारेची जाळी ठेवायची, असं तिनं मला बजावलं होतं. का, ते सांगितलंही असेल. मी आपला धरून चाललो की लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. दुसऱ्या आठवड्यात एका उंदराचे तळवे लाल दिसले, मग आणखी चौघांचे. जाळीवर पाय टेकायला नकोत म्हणून ते एकमेकांच्या अंगावर चढून बसायचे. मला बघवेना. या शिकलेल्यांना पुस्तकातलं सगळं दिसतं आणि डोळ्यांसमोरचा सुजलेला पाय दिसत नाही, म्हणून मी तिच्यावर मनातल्या मनात चिडलोसुद्धा.

मग संध्याकाळी ती गेली की मी जाळी काढायचो आणि मक्याच्या कणसाचा भुसा पसरायचो. सकाळी ती यायच्या आत सगळं झाडून जाळी परत जागेवर. खाण्याला मी बोट लावलं नाही. सकाळी भुसा थोडा कमी भरायचा, पण उडाला असेल म्हणून मी सोडून दिलं. तळवे आठवड्याभरात बरे झाले आणि मी स्वतःवर फार खूश होतो.

दहा आठवड्यांनी तिनं उंदीर मारले. आतड्यांचे पातळ काप करून, रंग देऊन काचांवर घेतले. अस्तरावरचा बुळबुळीत थर त्या रंगात निळी पट्टी होऊन दिसतो. चोथावाल्यांची पट्टी जाड होती. बिनचोथावाल्यांचीही तेवढीच जाड. तिनं तीनतीनदा मोजलं. साहेबांनी एकदाच पाहिलं.

"फरक नाही," ते म्हणाले. "आता नवे उंदीर मिळणार नाहीत. मुदतही संपली."

शुक्रवारी ती टेबल आवरत होती. मी खोकं धरून उभा होतो.

"कळतच नाही मामा. त्यांच्या पोटात चोथा गेला कुठून? भुसा खातात म्हणून तर जाळी ठेवली होती."

सकाळी कमी भरणारा भुसा मला तेव्हा आठवला. मूग गिळून गप्प बसावं, असं वाटलं. साहेबांची भीती नव्हती, हिच्या तोंडाकडे कसं बघायचं याची होती. पण सांगितलं. सगळं सांगितलं, तळव्यांपासून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातलं खोकं घेऊन खाली ठेवलं आणि एकदम माझं मनगट धरलं.

"एखादा पिंजरा तरी भुशावाचून राहिला असेल ना? काचा आहेत अजून माझ्याकडे. एक पिंजरा दाखवला तरी साहेबांकडे मुदत मागता येईल. आठव ना मामा. एखादा तरी तू विसरला असशील."

किती आशेनं बघत होती ती. मी खरंच आठवून पाहिलं, एकेक पिंजरा, एकेक वार.

"नाही गं," मी म्हटलं. "रविवारीसुद्धा येऊन घालायचो."