सतरा इंचांचा हट्ट

मी जुनी आहे, माझा पांढरा रंग उडाला आहे, एक कोपराही झिजला आहे. पण मित्रांनो, मी वाकडी नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी सॉफ्टबॉलची होम प्लेट आहे, म्हणजे बॅट घेतलेली खेळाडू जिच्याजवळ उभी राहते ती पाच कोनांची पाटी.

चेंडू माझ्यावरून, खेळाडूच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीतून गेला, तर ती स्ट्राइक. माझ्या बाहेरून गेला आणि तिने बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. तीन स्ट्राइक झाल्या की आऊट. चार बॉल झाले की ती न मारता पहिल्या बेसवर जाते. सगळा न्याय माझ्या कडेवर होतो. म्हणून मला माझ्या कडांचा गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म उज्जैनचा. शहरातली एक कापड गिरणी बंद पडली आणि तिथले मिस्त्री बापू घरी बसले. त्यांची मुलगी कल्पना मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवायची. कॉलेजकडे प्लेट नव्हती, म्हणून गिरणीच्या भंगारात निघालेल्या रबरी पट्ट्यातून बापूंनी मला माधव नगरच्या घरी, अंगणात बसून कापलं.

"बापू, थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालेल हं," कल्पना म्हणाली.

"चालेल कसं? रुंदी सतरा इंच म्हणजे सतरा इंच. एक सूतसुद्धा जास्त नाही देणार मी!"

गिरणी गेली, पण बापूंचा ताठा गेला नव्हता. तोच माझ्यात उतरला.

त्या वर्षी घरोघरी केबल लागत होती आणि जो तो क्रिकेट बघत होता. कल्पनाची नवी विद्यार्थिनी अश्लेषाही भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळूनच कॉलेजात आलेली. समोर येईल ते हाणायचं, एवढंच तिला ठाऊक. पहिल्या दिवशी तिने माझ्यापासून हातभर लांबच्या चेंडूंवरही बॅट फिरवली आणि सगळे चुकले.

कल्पना मॅडमनी तिला महिनाभर बॅट फिरवूच दिली नाही. "बॅट खांद्यावर ठेव. माझं मनगट बघ. चेंडू सुटला की लगेच ओरड, आत की बाहेर."

"मॅडम, पण मारायचं केव्हा?"

"आधी ओळखायला तर शीक. मारणं काय, पळून थोडीच जातंय!"

मैत्रिणी हसायच्या. पण महिन्याअखेरीस चेंडू हातातून सुटताच अश्लेषा "बाहेर!" म्हणायची आणि चेंडू खरंच बाहेरून जायचा. मी खालून बघत होते. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग विद्यापीठाच्या संघाची निवड आली. अश्लेषाला त्या संघात जायचंच होतं. अंपायर म्हणून आलेले गृहस्थ क्रिकेटचे होते. सॉफ्टबॉलचा अंपायर खिशात ब्रश ठेवतो आणि मला सारखं पुसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मैदानाची काळी माती उडत होती आणि तासाभरात माझी बाहेरची कड पार झाकली गेली.

अश्लेषाचे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले होते. पुढचा चेंडू सुटला, वळला आणि माझ्या कडेपासून चार बोटं बाहेरून गेला. तिने बॅट हलवली नाही.

"स्ट्राइक! आऊट!"

"अरे, घुमाना तो था!" बघ्यांमधून कुणीतरी ओरडलं.

अश्लेषा गुडघ्यावर बसली. तिने बाहीने माती पुसली आणि माझी कड उघडी केली. "सर, प्लेट यहाँ खत्म होती है," ती म्हणाली.

"खेलना है कि सफाई करनी है?" अंपायर म्हणाले. लोक हसले. तिचं नाव यादीत आलं नाही.

त्या संध्याकाळी मला मॅडमच्या घरी नेताना अश्लेषा रडत होती. "मॅडम, मारायला हवा होता का?"

"नाही. तो तुझा चेंडू नव्हताच. पुढच्या वर्षी आला तरी सोड."

अंगणात बापूंनी सगळं ऐकलं. गिरणीत मशीन झाडायचा आपला ब्रश त्यांनी तिच्या हातात ठेवला.

पुढच्या वर्षी तेच मैदान, तेच अंपायर. अश्लेषा आली, वाकली आणि चारचौघांसमोर तिने मला स्वच्छ झाडलं. पुन्हा तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुन्हा तोच वळणारा चेंडू. लोक ओरडले, "मार!" तिने सोडला.

अंपायरांनी खाली पाहिलं. मी पांढरीशुभ्र, कडेपर्यंत उघडी होते. त्यांनी पहिल्या बेसकडे हात केला.

"बॉल फोर."

ती बॅट ठेवून पहिल्या बेसवर गेली. टाळी कुणी वाजवली नाही. पुढच्या पाळीला माझ्या मधोमध चेंडू आला, तेव्हा मात्र तिने तो कुंपणापार धाडला आणि सगळे उभे राहिले. पण यादीत तिचं नाव आलं ते त्या सोडलेल्या चेंडूमुळेही, असं मी मानते. कोण काय म्हणेल ते म्हणो.

आता मी कॉलेजच्या खेळसामानाच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगाखाली पडून आहे. माझ्या जागी फ्रीगंजच्या दुकानातली चकचकीत प्लेट आली आहे. तिचा मला राग नाही. मित्रांनो, माझ्यावर पाय द्या, बॅट आपटा, मी हूं की चूं करणार नाही. पण जी कोणी प्लेट मैदानात असेल, तिची कड झाकली जाऊ देऊ नका. तिथे कुणीतरी चेंडू सोडण्याची हिंमत करत असतं.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर टेप घेऊन या. मी अजूनही सतरा इंचच आहे.