शेवटची पाच मिनिटं

"पाय आत घ्या! तिकीट खुर्चीचं काढलंय, वाटेचं नाही," असं म्हणून आत्याबाईंनी बॅटरीचा झोत त्या माणसाच्या बुटांवर असा मारला की बुटांनाच लाज वाटावी. माणसाने मुकाट्याने पाय आत घेतले. पुढच्या ओळीत दोघीजणी कुजबुजत होत्या, त्याही गप्प झाल्या.

दुपारचा खेळ सुरू होऊन दोन तास होत आले होते. तेवढ्यात आत्याबाई मधल्या वाटेने सहा वेळा खाली जाऊन सहा वेळा वर आल्या होत्या. एरवी खेळ लागला की दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आज पाय कुठे ठरत नव्हते. मशीनच्या खोलीतून सिनेमा दाखवणारा मशीनवाला जिन्यात आला आणि वाकून म्हणाला, "आत्याबाई, लोक सिनेमा बघायला आलेत. तुमची कवायत नव्हे."

"तुम्ही तुमचं यंत्र बघा. ते थांबलं की लोक शिव्या तुम्हाला घालतात, मला नाही."

"येईल हो भिंगरी. मुलाखतीला गेलीय, पळून नाही गेली."

"तेच तर म्हणते. पळून गेली असती तर भूक लागल्यावर परत आली असती."

भिंगरी म्हणजे आत्याबाईंची भाची, भावाची लेक. सकाळी आठला विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मुलाखतीला गेली होती. सत्तर मुलं-मुली आणि जागा चार. दुपारी एकला येते म्हणाली होती. आता चार वाजायला आले होते. आत्याबाईंच्या मनात सकाळपासून दोन मागण्या एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. एक म्हणे, पोरीला घेऊ देत. दुसरी म्हणे, नको घेऊ देत. दुसरीला त्यांनी दर अर्ध्या तासाला झापलं, पण ती जायचं नाव घेत नव्हती.

आत्याबाईंची शाळा दुसरीत सुटली. पण या थिएटरात सव्वीस वर्षं दार सांभाळलं. कुठल्या ओळीतली कुठली खुर्ची करकरते ते त्यांना अंधारात सांगता यायचं. मॅनेजर चार बदलले, चौघांनाही त्यांनी एकदा तरी दारात उभं केलं, कारण मॅनेजर झाला म्हणून काय, खेळ सुरू झाल्यावर चपला वाजवत कुणी आत यायचं नाही.

त्यांच्या कामात एक चमत्कारिक गोष्ट होती. खेळ संपायला पाच मिनिटं राहिली की त्यांना बाहेरच्या दाराशी जावं लागे. कडी काढायची, जाड पडदा गोळा करून हातात धरायचा आणि पडद्यामागच्या पायरीवर बॅटरी मारायची. ती पायरी मोठी घातकी. पडद्यावरचा उजेड डोळ्यांत भरून आलेला माणूस तिथे हमखास अडखळे. म्हणून प्रत्येकाला म्हणायचं, "पायरी आहे. सांभाळून." पाठ सिनेमाकडे, तोंड लोकांकडे. त्यामुळे सव्वीस वर्षांत आत्याबाईंनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

पण कळायचा त्यांना. बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघून कळायचा. नाक शिंकरत आले तर कोण मेलं, नायक की आई, हेसुद्धा सांगायच्या. मशीनवाल्याशी पैज लावायच्या आणि जिंकायच्या.

भिंगरी त्यांच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. आई तापाने गेलेली, बाप बोटीवर, वर्षातले दहा महिने पाण्यात. शाळा सुटली की पोर थेट थिएटरात यायची आणि मागच्या भिंतीशी स्टुलावर बसायची. ती बसायची म्हणजे काय, दर दोन मिनिटांनी उठायची. म्हणून तर भिंगरी. मॅनेजरची एकच अट होती, दिवे लागतील तेव्हा नोकरांची पोरं आत दिसायला नकोत. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांसाठी आत्याबाई तिला दंडाला धरून बाहेर बोळात उभी करायच्या आणि मग शेवट सांगायच्या.

ती नऊ वर्षांची असताना थिएटरात एक आठवडा विमान चालवणाऱ्या बायकांचेच सिनेमे लागले. विमानाच्या शाळेनेच आणले होते, मुलींनी बघावेत म्हणून. पाच दिवस, पाच सिनेमे. एकात बाई इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून दुरुस्ती करत होती. एकात बाई शेतांवरून इतकी खालून उडायची की बुजगावण्यांच्या टोप्या उडत. त्या आठवड्यात भिंगरी स्टुलावरून एकदाही उठली नाही. आत्याबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना!

चौथ्या दिवशीचा सिनेमा डोंगरापलीकडे पत्रं पोचवणाऱ्या बाईचा होता. ढगांत शिरली आणि दिसेनाशी झाली, नेमकं तेव्हाच आत्याबाईंनी पोरीला बाहेर काढलं. मग दार उघडलं. लोक आले. कुणी नाक शिंकरत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारा पायरीवर थांबून टोपी काढत होता, घालत होता, पुन्हा काढत होता.

"आत्या, उतरली का ती?" बोळातून पोरीने विचारलं.

"उतरली म्हणजे काय, झोकात उतरली! चाकं टेकली, दार उघडलं आणि पत्रांची पिशवी आधी पोस्टमास्तरच्या अंगावर फेकली. त्याच्या मिशा ह्या एवढ्या, त्या पिशवीत अडकल्या."

पोर पोट धरून हसली. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट रोज झोपताना लागायची, आणि मिशा दर वर्षी वाढायच्या. मशीनवाल्याकडून फिल्मचे रिकामे डबे आणून भिंगरीने खोलीत विमान मांडलं. झाकणांवर खडूने काटे काढले. दोरीवरचे कपडे बघून वारा कुठला ते सांगायला लागली. आत्याबाई भाजी चिरत असल्या तरी मध्येच हाक यायची, "आत्या, विमान उतरायच्या पट्ट्यावर जागा आहे का?" आणि त्या म्हणायच्या, "आहे, पण पाय पुसून उतर."

चार वाजून पाच मिनिटांनी आत यायच्या दाराचा पडदा हलला. भिंगरी आत आली. हातात कागद.

"घेतलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"घेतलं. पण तुझी सही लागते. उद्या सकाळी नऊच्या आत." तिने कागद पुढे केला. "विमान शिकताना जिवाला धोका असतो हे पालकांना कळलंय, असं लिहिलंय. बाबांनी तुझंच नाव दिलंय."

आत्याबाईंनी कागदाला हात लावला नाही. "मग तोंड असं का? चार जागांतली एक मिळाली ना?"

"आत्या, ती उतरली नव्हती."

"कोण?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"विचारलं त्यांनी, विमानाचं वेड कुठून लागलं. मी सगळं सांगितलं, मिशांपर्यंत. दोन साहेब हसले. शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या नाही हसल्या. म्हणाल्या, मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय मुली, त्यात पोस्टमास्तर नाहीच."

"मग काय आहे?"

"पट्ट्याच्या कडेला माणसं कंदील घेऊन उभी असतात. उजाडतं. मग एकेक जण आपापला कंदील विझवतो. संपलं." भिंगरीने कागदाची घडी केली, उलगडली. "तुला ठाऊक होतं?"

"मी शेवट बघत नाही, तुला माहितीये."

"पण तोंडं बघतेस."

आत्याबाईंनी बॅटरी उगाच लावली, विझवली.

"हो, होतं ठाऊक. तू नऊ वर्षांची होतीस. आईला जाऊन दोन वर्षं झालेली. आणखी एक बाई परत येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

पडद्यावर कुणीतरी पाण्यात पडलं आणि अख्खं थिएटर हसलं.

"बाईंनी विचारलं, आता कळलं, तरी यायचंय का?"

"आणि तू लगेच हो म्हणालीस."

"लगेच नाही. पाणी मागितलं. प्यायले. मग म्हटलं."

ते पाणी आत्याबाईंच्या काळजात जाऊन बसलं. बेधडक हो म्हणाली असती तर त्यांनी कान उपटून घरी बसवली असती.

"सही कर आता."

"चष्मा नाही जवळ."

"डोक्यावर आहे."

"कामाच्या वेळी मी सह्या करत नाही. पाच मिनिटांत दार उघडायचंय."

"दार मी उघडते. दे बॅटरी." पोरीने ती हातातून काढूनच घेतली. "तू बस. आज शेवट बघ, आणि मग सही करायची की नाही ते ठरव."

"यात कसला शेवट बघायचा? दोघं नवराबायको हरवलेली सासू शोधतायत."

"बस म्हटलं ना." भिंगरीने कागद-पेन त्यांच्या हातात दिलं.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. सव्वीस वर्षं लोकांना बसा म्हणणाऱ्या बाईला बसणं जमेना. पाय कुठे ठेवावे कळेना. एकदा त्यांनी ते वाटेत पसरले आणि घाईघाईने आत घेतले. मग वर पाहिलं. पडद्यावर सासू सापडली होती. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, डोक्याचा रुमाल फडफडवत ती चालली होती. नवराबायको हाका मारत मागे धावत होती. म्हातारी काही मागे वळत नव्हती. रस्ता लांब होत गेला, ती लहान होत गेली, ठिपका झाली. लोक खुर्च्या बडवत हसत होते.

आत्याबाईंनी मांडीवर कागद ठेवला. पडद्याच्या उजेडात पेन टेकवलं.

दिवे लागले. भिंगरीने कडी काढली, पडदा हातात धरला. माणसं हसत आली, हसत गेली. सगळ्यात शेवटी आत्याबाई आल्या. भिंगरीने त्यांचं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. कागद घेतला. सहीची अक्षरं रेघेवरून सुटून वरवर गेली होती.

मग तिने झोत खाली वळवला.

"पायरी आहे, आत्या. सांभाळून."

आणि डोळ्यांत उजेड भरलेल्या आत्याबाईंनी पाय पुढे करून पायरी चाचपली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.