दोघांनी पाहिला तरच पाहिला

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला कथा अर्धीच मिळते, आणि अर्धी कथा उपाशी माणसाला वास दाखवल्यासारखी. मी तुम्हाला एका वर्षाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, पण खरी आहे.

मी एक जुनी दुर्बीण आहे. एका कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या, एका दुकानात मी धूळ खात पडले, आणि तिथून एका बस कंडक्टरने मला उचलले. बरोबर त्यांची बायको होती. ती शिवणकाम करायची. दोघांना पाखरांचे वेड. सुट्टी आली की दोघे वीटभट्टीमागच्या तळ्यावर जायचे आणि मला आळीपाळीने डोळ्यांना लावायचे. दर वर्षी नव्याने मोजणी सुरू व्हायची आणि नियम बाईंचा होता : दोघांनी पाहिला तरच पाहिला. एकट्याने पाहिलेला पक्षी धरायचा नाही. कावळा आणि कबुतर तर मुळीच नाही. "ते पाहुणे नाहीत, शेजारी आहेत," असे बाई म्हणायच्या.

माझ्या उजव्या काचेभोवती एक कडे आहे. ज्याचा जसा डोळा, तसे ते फिरवावे लागते. काळ्या कापडावर टाके घालून घालून बाईंचा उजवा डोळा फार अधू झाला होता. म्हणून मला त्यांच्या हाती देताना कंडक्टरांचा अंगठा न बघता ते कडे फिरवून द्यायचा. तिकीट फाडून द्यावे इतक्या सहज. मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळांनी केले, पण मला सगळ्यात आवडायचा तो अंगठा.

मग ते वर्ष आले. सुरुवातीलाच बाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेले. हात गेला, पाय गेला, डाव्या डोळ्याची नजर गेली. घर तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले, जिना विसरा. खाट खिडकीशी ओढली गेली. खिडकीतून समोरची गच्ची दिसायची, तिच्यावर पाण्याची टाकी, आणि टाकीवर शेजारी.

कंडक्टर एकटेच तळ्यावर जाऊ लागले. बाईंनीच पाठवले.

"जा हो तुम्ही. घरात बसून माझ्या तोंडाकडे काय बघता? ते काही उडत नाही."

ते घरी येऊन सांगायचे, "अगं, आज खंड्या दिसला. तारेवर बसला होता, इतका जवळ."

"मी पाहिला का?"

"नाही."

"मग नाही धरायचा."

"अगं, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"दुसऱ्याने खाल्लेल्या घासाने आपलं पोट भरतं का?"

हे त्या हसून म्हणायच्या, पण कंडक्टरांना ते लागायचे. थंडी सरली, उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. तळ्यात कुणीतरी राडारोडा टाकायला सुरुवात केली आणि पाणी एका कडेने आटत चालले. मी पाणकावळा दाखवला, बगळ्यांची रांग दाखवली, आणि घरी आल्यावर त्यातले काहीच उरले नाही. कंडक्टरांना एकच ध्यास लागला. वर्ष कोरे जाऊ नये. एक, फक्त एक पक्षी तिला दिसावा. त्यांनी खिडकीत पाण्याची वाटी ठेवली. कबुतरांनी ती पालथी केली. त्यांनी देवाजवळही मागितले असेल. देवाजवळ मागितलेले ऐकू येण्याइतकी मी चांगली नाही.

पुन्हा थंडी पडली. बाईंचे बोलणे जड झाले. लेक कायमची राहायला आली. कंडक्टर आता तळ्यावर जात नव्हते, मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे.

आणि एका सकाळी टाकीच्या कडेवर धोबी पक्षी येऊन बसला. काळापांढरा, चिमुकला. शेपूट वरखाली हलवण्यावाचून ज्याला करमत नाही, तोच.

त्यांनी आधी स्वतः पाहिला, खात्री केली आणि झटकन मला बाईंच्या डोळ्यांना लावले. "अगं, धोबी. टाकीवर बघ, टाकीवर. हललीस तर उडेल."

घाईत कडे फिरवायचे राहिले. वर्षभर एकट्याने पाहून अंगठ्याची सवय मोडली होती. मित्रांनो, बाईंचा एकच डोळा उरला होता आणि त्या डोळ्यापुढे मी नुसते धुके धरले होते. त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडले असते.

बाई हळू म्हणाल्या, "दिसला हो. शेपूट हलवतोय मेला."

कंडक्टर लहान मुलासारखे हसले. स्वयंपाकघरात जाऊन लेकीला म्हणाले, "एक झाला. वर्ष कोरं गेलं नाही."

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत.

सगळे नातेवाईक परतल्यावर कंडक्टरांनी मला पुन्हा हातात घेतले. बाईंनी शेवटचे माझ्यातून पाहिले होते म्हणून त्यांनी मला मध्ये कुणालाच हात लावू दिला नव्हता. खिडकीशी बसून त्यांनी मला डोळ्यांना लावले. कडे आपल्या डोळ्याला जुळवायला जुनी सवय जागी होऊन अंगठा उठला आणि तिथेच थांबला. त्यांना सगळे आधीच स्वच्छ दिसत होते.

त्यांनी मला मांडीवर उतरवून ठेवले.

"बाबा, काय झालं?" लेकीने विचारले.

"तिला दिसला नव्हता."

"असं काय करता? आई स्वतः म्हणाली ना, दिसला म्हणून."

"म्हणाली."

लेकीने पुष्कळ समजावले. ते मान हलवत राहिले. मला पेटीत ठेवताना त्यांनी झाकण फार हळू लावले, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावे तसे. तेव्हापासून मी अंधारात आहे. काचांवर बुरशी धरली आहे. तळे बुजले, असे लेक कुणाला तरी सांगत होती. आता मला कुणी बाहेर काढले तरी माझ्यातून कुणालाच काही दिसणार नाही.

मित्रांनो, दुर्बीण कोरड्या जागी ठेवावी, काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, हे मी तुम्हाला सांगायला हवे. तेही सांगते. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. कुणाच्या हाती काही सुंदर द्याल, तेव्हा ते त्याच्या डोळ्याला जुळवून द्या. आणि वर्षाच्या शेवटी ज्या बाईला काहीच दिसले नाही, तिची आठवण ठेवा.