पॉलिसीधारकांना फोन द्या

ताईला कुणी मध्येच तोडलेलं खपत नसे, आणि दुसऱ्याला तोडल्याशिवाय तिचं स्वतःचं एक वाक्य पुरं होत नसे. घरात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. धाकटा भाऊ तर "ताईला विचार" या दोन शब्दांवरच लहानाचा मोठा झाला. लग्न झालं, मुलगी बोलायला लागली, तरी त्याचं घोडं तिथंच अडलेलं. ताई वाईट मुळीच नव्हती. घरात कुणाचं दुखलंखुपलं तर पदरमोड करून धावणारी तीच. पण धावताना आपला पाय कुणाच्या पायावर पडतोय, हे वाकून बघायची तिला सवय नव्हती.

नोकरी विमा कंपनीत, बाळंतपणाच्या विभागात. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर बायकांचे फोन घ्यायची, आणि त्यातल्या निम्म्यांना एकच वाक्य ऐकवायची, "मॅडम, पॉलिसीधारकांना फोन द्या." पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, म्हणून कंपनी बोलणार नवऱ्याशी. पोट कुणाचं का असेना. एखादी चिडायची, एखादी रडायची. ताईला दोन्हीची सवय झाली होती.

भावजयीला पुन्हा दिवस गेले आणि तिनं सकाळच्या चहाला सांगून टाकलं, "या वेळी मला सुईणीकडे जायचंय."

"सुईण?" ताईचा कप हातातच राहिला. "अगं, जग पुढं चाललंय की मागं?"

तसं मागं काही चाललं नव्हतं. ही सुईण रीतसर शिकलेली, परवाना असलेली. दोन गल्ल्या सोडून तिचं लहानसं प्रसूतिगृह होतं. अडीअडचणीला एक डॉक्टर तिच्या पाठीशी होते आणि मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. ताईची कंपनीसुद्धा हल्ली अशा बाळंतपणाचा खर्च देत होती. फक्त आठव्या महिन्याआधी मंजुरी घ्यायची, आणि तीही पॉलिसीधारकानं स्वतः फोनवर "हो" म्हटल्यावर. पॉलिसीधारक म्हणजे भाऊ. तो म्हणाला, "ताईला विचार."

मग ताई स्वतःच्या डोळ्यांनी बघायला भावजयीबरोबर सुईणीकडे गेली. सुईणीनं भावजयीला खुर्ची दिली आणि विचारलं, "झोप लागते का?"

"लागते की," ताई म्हणाली. "दुपारचीसुद्धा झोपते."

"भूक?"

"बेताचीच आहे. मीच मागं लागून खायला घालते."

"पहिल्या वेळी काही त्रास?"

"छे! पोरगी अगदी ठणठणीत झाली."

सुईणीनं पेन खाली ठेवलं आणि ताईकडे वळून शांतपणे विचारलं, "आणि तुम्हाला कितवा महिना?"

भावजय खुदकन हसली. ताईला सुईणीपेक्षा त्या हसण्याचाच राग आला. घरी येताच तिनं निकाल दिला की बाई उद्धट आहे आणि जायचं ते हॉस्पिटलमध्येच. भावानं मान डोलावली. तो मान डोलावण्यात पटाईत होता.

भावजयीनं ताईशी बोलायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा "पोरगी ठणठणीत आहे ना?" यावर गाडी थांबली, एकदा "मी याच खात्यात केस पांढरे केलेत" यावर. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्नच केला नाही. सातवा महिना सरत आला. ताईला वाटलं, हिला पटलं एकदाचं.

आणि एका दुपारी, ऑफिसात, ताईनं फोन घेतला.

"नमस्कार, प्रसूती विभाग. बोला मॅडम."

"मला सुईणीकडच्या बाळंतपणाला मंजुरी हवी आहे." आवाज भावजयीचा होता.

"अगं, हे काय नवीन? घरी बोलू ना आपण, इथं कशाला..."

"मॅडम, हा फोन रेकॉर्ड होतोय ना?"

"होतोय," ताई म्हणाली.

"आणि ग्राहकाचं बोलणं पुरं होईपर्यंत तुम्हाला मध्ये बोलता येत नाही ना? मागं जेवताना तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून मुद्दाम तुमचंच नाव सांगून इथं फोन जोडून घेतला. सांगते मी, ऐका."

नियम खराच होता. फोन तपासणारे साहेब मागं काचेच्या खोलीत बसत, आणि आपल्याविरुद्ध एकही तक्रार नाही हे ताई घरी अभिमानानं सांगायची.

"पहिल्या वेळी मी आत होते," भावजय म्हणाली. "कळा मंदावल्या होत्या. मला उठून थोडं चालायचं होतं. दोनदा सांगितलं. डॉक्टर 'बघू' म्हणाले आणि बाहेर गेले. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते विचारत होते, इंजेक्शन देऊन कळा वाढवायच्या की वाट बघायची? आमच्या ह्यांनी बहिणीकडे बघितलं असणार. कारण नणंदच बोलल्या. 'वाट कसली बघताय? द्या इंजेक्शन, आटपा लवकर.' मग सगळं एकदम अंगावर आलं. मी नको म्हणून ओरडले, तर नर्स म्हणाली, घरच्यांनी हो म्हटलंय. घरच्यांनी! मग मी कोण होते?"

ताईनं तोंड उघडलं. डॉक्टरच म्हणाले होते, आम्हाला तुझीच काळजी होती, असं किती तरी तिला सांगायचं होतं. समोर रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा चालू होता. तिनं तोंड मिटलं.

"मुलगी ठणठणीत आहे, मला माहीत आहे. पण किती तरी महिने तिला उचलून घेताना माझे हात कापायचे. कुणाला सांगणार? सांगायला गेले की तेच, पोरगी ठणठणीत आहे ना. सुईण चांगली की हॉस्पिटल चांगलं, एवढं मला कळत नाही. पण नंतर मी एकटी गेले, तेव्हा सुईणीनं मला विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत ती थांबली. मला तेवढंच हवंय. अडलं तर ती मला हॉस्पिटलात नेईल, सोबत येईल. तेही चालेल मला."

तोंड बंद ठेवल्यावर ताईच्या कानांना काम मिळालं होतं. "आटपा लवकर." हे शब्द तिचेच होते. का म्हटले तेही तिला आठवलं. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. बाकी काही नाही. ताईला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज लपवायला त्या खुर्चीत कुठंच जागा नव्हती.

"आणखी काही सांगायचंय, मॅडम?" हा प्रश्न ती रोजच विचारायची. आज ती उत्तरासाठी थांबली.

"नाही. एवढंच."

"मंजुरीसाठी पॉलिसीधारकांना..." नेहमीचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. "नातेवाइकांचं प्रकरण मला हाताळता येत नाही, मॅडम. साहेबांकडे देते. पॉलिसीधारकांचा फोन आज येईल."

"येईल?"

"येईल."

संध्याकाळी घरात पाय टाकते न टाकते तोच भावानं विचारलं, "ताई, मग काय करायचं गं?"

"मला काय विचारतोस? पोट तिचं आहे. साहेब बसलेत अजून. फोन लाव, हो म्हण, आणि यापुढं माझी बायकोच बोलेल असंही सांग. तसं चालतं."

भाऊ आधी गोंधळला, मग त्यानं सांगितल्याबरहुकूम केलं. भावजय बराच वेळ फोनवर बोलली. एका ठिकाणी सुईणीचा पत्ता ती चुकीचा सांगत होती. ताईनं ओठ आवळून धरले. भावजयीनं पत्ता स्वतःच सुधारून सांगितला. मंजुरी त्याच आठवड्यात आली.

मंजुरी आली त्या दिवशी दोघी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. ताई म्हणाली, "मी रजा टाकणार आहे. येईन तुझ्याबरोबर. आत नाही येत, बाहेर बसेन. मूग गिळून."

भावजयीनं हातातल्या फ्रॉकची घडी पुरी केली.

"नको, ताई. तुम्ही नका येऊ. दाराबाहेर तुम्ही आहात एवढं नुसतं कळलं, तरी माझं अंग आखडेल."

ताईला ते लागलं. फार लागलं. एवढं सगळं केल्यावर हे बक्षीस, असं जिभेच्या टोकाशी आलंही होतं. पण भावजयीला पुढं काही बोलायचं असेल म्हणून ती थांबली. भावजयीला आणखी काही बोलायचं नव्हतं.

"बरं," ताई म्हणाली.